विनाथांबा

दवाखान्याचा थांबा आला आणि त्याचे पाय थांबले. थांबले तेही अगदी शिस्तीत, कडेला घेऊन, मागे वळून बघत.

"बाबा! कोण उतरतंय?" शेजारून सायकलवर येणारी लेक ओरडली.

कोणीच उतरत नव्हतं. थांब्याच्या बाकाखाली एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. तो ओशाळून पुन्हा पळायला लागला, पण लय गेली ती गेलीच, आणि पुढे शाळेच्या थांब्यावर परत तेच झालं.

त्याचा सारा जन्म याच रस्त्यावर बस चालवण्यात गेला होता. मॅरेथॉनचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा सरावासाठी त्याने दुसरा रस्ता शोधलाच नाही. डेपोपासून तलावापर्यंत आणि परत, हा आपलाच मार्ग, खड्डा न् खड्डा ओळखीचा. तिथेच तो फसला. मन शर्यतीत पळत होतं आणि पाय अजून ड्युटीवर होते.

लेक शाळेत खेळाची शिक्षिका. घरी बाप असला तरी मैदानावर तो शिष्य, असा तिचा रोखठोक कारभार. त्या संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "शर्यतीत असे थांबत राहिलात तर पाय आखडतील, मग चालवणारही नाही. रविवारी अख्खा मार्ग पळायचा. एकाही थांब्यावर थांबायचं नाही. थांबलात तर यंदा नाव मागे घ्यायचं. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! साठीला टेकलेल्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कसली तरी हौस लागली होती. नवे बूट तो उशाशी ठेवून झोपायचा, हे घरात बायको आणि लेक दोघींनाही माहीत होतं.

"पुढच्या वर्षीचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. "नाही थांबणार."

"नाहीच थांबणार. मी लिहून देते," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली. "रोज आपल्या दारावरून बस न्यायचे. मी भर उन्हात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकाशी उभी. थांबले का कधी?"

"अगं, तिथे थांबा नाही."

"तेच म्हणतेय मी."

तिने हातातली घडी जरा जोरातच आपटली. हे भांडण लग्नाइतकंच जुनं होतं आणि दोघांनाही तोंडपाठ होतं.

रविवारी उजाडता उजाडता तो डेपोतून निघाला. दवाखाना जवळ आला, पाय रेंगाळू लागले, आणि मागून सायकलची घंटी दोनदा वाजली. टण टण. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कंडक्टरची ही भाषा त्याच्या हाडांत मुरलेली. लेकीने बापाचं दुखणं बरोबर ओळखलं होतं. दोन घंट्या ऐकून जागचं न हलणं त्याला बापजन्मी जमलं नसतं.

मग काय विचारता! दवाखाना गेला, शाळा गेली, बाजार गेला. बाजारापाशी भाजीवालीने सवयीने हात केला.

"मागून येतेय दुसरी!" तो ओरडला आणि हसत हसत पुढे निघाला.

तलावाला वळसा घालून तो परत फिरला. मांड्या पेटल्या होत्या, शर्ट अंगाला चिकटला होता. आनंद इतका झाला होता की मोठ्याने गावंसं वाटत होतं. दम वाचवायचा म्हणून तो गायला नाही. एकेक करत सगळे थांबे मागे पडले. आता पुढे फक्त डेपो, आणि त्याआधी आपलं घर.

फाटकाशी बायको उभी होती. आज हातात पिशव्या नव्हत्या. उजवा हात तिने रस्त्यावर आडवा धरला होता. पायांत लेकीचे जुने बूट होते, नाड्यांना दोन दोन गाठी मारलेल्या.

त्याने मागे पाहिलं. लेकीचा अंगठा घंटीवर होता, पण तिने ती वाजवली नाही. थांबलो तर यंदाची शर्यत गेली, हे त्याला कळत होतं. डेपोचं फाटक समोर दिसत होतं.

या वेळी पाय आपोआप थांबले नाहीत. त्याने ते थांबवले, कडेला घेऊन, बरोबर तिच्यासमोर.

"गेलं ना नाव?" धापा टाकत त्याने लेकीला विचारलं.

"का म्हणून?" लेक म्हणाली. "इथे थांबा कुठेय?"

बायकोने तिच्याकडे बघितलंही नाही. ती त्याला विचारत होती, "गाडी डेपोला जाते ना?"

"जाते," तो म्हणाला. "चला, लवकर चढा."

ती शेजारी येऊन उभी राहिली. मागून घंटी वाजली, दोनदा.