काठी सोडायचा धडा

"सोड! सोड म्हणते ना ती काठी!"

समीक्षाने काठी छातीशी धरली. "हांव सोडचें ना."

"मग चल घरी. मासे-बिसे काही नाहीत."

सहा वर्षांची पोर, पण हट्ट बापाच्या ट्रकएवढा. शेवटी ओठ काढून तिने काठी ओहोळात टाकली. खाणीच्या मातीने तांबडं झालेलं पाणी काठीला घेऊन गेलं आणि खालच्या बांधाशी अडकवून बसलं. मी जाऊन उचलून आणली, परत तिच्या हातात दिली. "आता पुन्हा सोड."

मुळगावात माझ्याकडे गरी टाकून मासे धरायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराचा पहिला दिवस असाच जातो. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक काजूच्या बुंध्याला, आणि दहा वेळा काठी सोडायची. गांडूळ, गरी हे सगळं दुसऱ्या दिवशी. मी बालवाडीत मदतनीस आहे. मासे धरायला शिकवणं काही माझ्या कामात येत नाही. पण ओहोळ गावातून वाहतो, पोरं तिकडे जाणारच. मग निदान माझ्या डोळ्यांसमोर जाऊ देत.

समीक्षाचा बाप गोकुळदास माझा शेजारी. संध्याकाळी कुंपणावरून हसत म्हणाला, "गो देवके, तू पोरांक मासे धरूंक शिकयता काय काठयो सोडूंक?"

"काठी रानात ढिगाने मिळते," मी म्हटलं. "पोर मिळत नाही."

त्याचं हसणं तिथेच थांबलं. माझ्या रामूचं गावाला माहीत आहे. म्हणजे जेवढं माहीत आहे तेवढं.

गोवा राज्य झालं त्या वर्षाची ही दिवाळीची सुट्टी. मोठी माणसं कोकणी की मराठी म्हणून दारादारांत भांडत होती. मी आपली पोरांना दोन्हींत ओरडत होते.

रामू माझा धाकटा भाऊ, रामचंद्र. तेव्हा तो सात वर्षांचा, मी बाराची. डिचोलीच्या बाजारातून बाबांनी एकच गरी आणली होती, ती हरवली तर पाठ सोलून काढली असती. मासा लागला तेव्हा रामू ओरडला, "बाय, ओढता गो!" आणि मी, शहाणी, काठावरून ओरडले, "सोडू नको हां! सोडलीस तर बाबा घरात घेणार नाहीत!"

त्याने सोडली नाही. आज्ञाधारक होता मेला.

चार पुरुषांनी त्याला कोंडीतून, ओहोळाच्या खोल डोहातून, बाहेर काढला. काठी मुठीतच होती. त्यांनी बोटं उघडायचा खूप प्रयत्न केला, मग आई म्हणाली, राहू दे. काठीसकट पुरला त्याला. गाव म्हणालं, पाय घसरला. मीही तेच म्हणाले, तेहतीस वर्षं तेच म्हणत आले. तेव्हापासून मी गरीची काठी पाण्यावर धरलेली नाही. शिकवते ती तोंडाने आणि ओरडून.

दुसऱ्या दिवशी समीक्षाने करवंटीतलं गांडूळ स्वतः लावलं, न किंचाळता. दोन छोट्या खवळी मासळ्या धरल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशे, तू धर मगो."

"मला नको."

"तुका येना!" टाळ्या पिटत ती नाचू लागली. "मावशेक येना, मावशेक येना!"

एवढीशी पोर मला चिडवते! आण इकडे, म्हटलं, आणि काठी घेतली. सूत बरोबर पडलं, कोंडीच्या काळ्या पाण्यावर, जिथे मी कुठल्याच पोराला टाकू देत नाही. का टाकलं तिथे, देव जाणे.

लगेच ओढ बसली. थिगूर असणार, मोठा. पण मला तो माशासारखा लागलाच नाही. पलीकडचं टोक कुणीतरी लहान हाताने धरलं होतं, आणि ते सोडत नव्हतं. मी एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं. पाणी गुडघ्यांवर आलं. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. उलट वाटलं, एवढंच तर करायचं होतं तेव्हा.

"मावशे, सोड! काठी सोड!"

ऐकू येत होतं. मूठ उघडत नव्हती.

मग पदराला हिसका बसला. समीक्षा पाण्यात उतरली होती, दोरी काजूपर्यंत ताणलेली. एक हात पदरात, दुसऱ्या हाताने ती माझी बोटं उचकटत होती. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. रडत रडत, मला शिव्या घालत. "सोड मगो! तूंच सांगलां न्ही? सोड!"

पाचवं बोट उघडलं आणि काठी गेली.

ती तांबड्या पाण्यातून उभी-आडवी होत वळणापर्यंत गेली. बांधाशी अडकली नाही, वरून उडी मारून पुढे गेली. आम्ही दोघी काजूखाली ओल्या बसलो होतो. समीक्षाने माझा हात उलटा करून तळव्यावरचा लाल वळ पाहिला, त्यावर फुंकर घातली.

"आता दुसरी काठी तोडूंया?" तिने विचारलं.

"तोडूया," मी म्हटलं. "पण आधी रामूची गोष्ट ऐक. खरी."

तिच्या कमरेची दोरी मी सोडली नाही. गाठीपुढे दोरीचं थोडं टोक मोकळं उरलं होतं, ते तिने माझ्या मनगटाला बांधलं, आणि मी बोलायला सुरुवात केली.