गाठ नसलेला तागा

वर्षभरापासून मास्तरांना फिका निळा आणि गडद निळा सारखेच काळे दिसत होते. जन्मभर डेनिम शिवलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं? बहिणीला, आक्काला, तर नाहीच. वडिलांचा हात कापू लागला तेव्हा आक्कानेच त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली होती. त्यानंतर वडील दुकानात आले ते फक्त बसायला.

म्हणून मास्तरांनी युक्ती केली. कापडवाल्याला विचारून गडद ताग्याच्या किनारीला दोऱ्याची गाठ, फिक्याला काही नाही. बोटांनी चाचपायचं आणि कापायचं.

गॅरेजवाल्या मिस्त्रीला वर-खाली फिकं डेनिम हवं होतं. गेल्या आठवड्यात जाकीट झालं, काल पँट. आज मास्तरांनी दुसऱ्या ताग्यावरून सहज हात फिरवला. त्यालाही गाठ नव्हती.

"आक्का, इथला दोरा?"

"लोंबत होता तो? परवा झाडताना कापला. दुकान आहे की कोळ्याचं घर?" आक्का काजं करत म्हणाली.

म्हणजे पँट कुठल्या ताग्याची? विचारावं, तर पितळ उघडं पडणार. तेवढ्यात मिस्त्री दारात उभा.

तो कपडे घालून आरशासमोर गेला आणि वाकून पँटकडे बघू लागला.

"पँट गडद केलीत," तो म्हणाला.

मास्तरांनी मापाची फीत उगाच गुंडाळली.

"बरं केलंत. सारखं असतं तर गणवेश वाटला असता. तीस वर्षं डेनिमच घालतोय. बायको म्हणते, तागाच चालत येतोय. पण हे कापड माझ्याबरोबर विटतं, गुडघ्याला, कोपराला. दुसरं काही घातलं की मी माझ्याच घरी पाहुणा." तो दाराकडे वळला. "धाकट्या भावालाही अस्संच शिवा. वर फिकं, खाली गडद."

तो गेला. टेबलावर दोन तागे, दोन्ही काळे. आता अंदाजाने कापायचं धाडस उरलं नव्हतं.

"आक्का," मास्तरांनी दोन्ही तागे पुढे सरकवले, "यातला फिका कुठला?"

सुई थांबली. आक्का उठून टेबलापाशी आली. मास्तरांनी कात्री छातीशी धरली.

तिने दोऱ्याचं रीळ उचललं. "गाठ कुठल्याला मारत होतास?"