पिवळ्या देशाचा कौल

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. भूगोलाच्या तासाला टेबलावर ठेवतात त्यातलाच, पण शाळेची पायरी मी कधी चढलो नाही. माझं सगळं आयुष्य एका घरात, टेलिफोनशेजारच्या फळीवर गेलं. माझ्या अंगावर असे दोन देश आहेत जे आता जगात उरलेले नाहीत. त्यामुळे हल्ली कुणी मला काही विचारत नाही, आणि एकदा विचारलं तेव्हा मी जे सांगितलं त्याची बोचणी मला अजून लागून आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड पुठ्ठ्याच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या की झालं माझं पोट. वरून नकाशाच्या बारा पट्ट्या चिकटवायच्या. हे काम करणाऱ्या बाईंचा हात मोठा नेटका होता, पण त्या दिवशी शेजारणीला सुनेचं गाऱ्हाणं सांगता सांगता तो जरासा सरकला आणि माझ्या एका बेटाचे दोन तुकडे झाले. तपासनीसांनी चष्मा वर करून पाहिलं, एवढ्याशा बेटावर कोण जातंय असं म्हणाले आणि मला पास केलं. माझ्या शहाणपणाविषयी तुम्ही फार अपेक्षा ठेवू नयेत म्हणून हे सांगून ठेवतो.

ज्या घरात मी आलो तिथे तीन माणसं होती. वडील फर्निचरच्या कारखान्यात सुतार. आई घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. लेक तेव्हा सात वर्षांची होती आणि मी तिच्यासाठीच आणलेला होतो. तिनं माझे फार लाड केले. शेजारच्या मुलांना ती मला लांबूनच दाखवी आणि हात लावण्याआधी हात धुवून यायला लावी. मी त्या दिवसांत चांगलाच शेफारलो होतो.

लेक दहा वर्षांची असताना तिनं मला एवढ्या जोरात फिरवलं की मी स्टँडसकट फरशीवर आलो. हिरव्या देशाशेजारच्या समुद्रात मोठा पोचा पडला. ती रडून रडून बेजार झाली. वडिलांनी मला कारखान्यात नेलं, जोड उकलला, पोच्यात आतून भुसा आणि सरसाचा मूठभर गोळा भरला, पुन्हा जोडलं आणि वरून निळा रंग दिला. सुताराचं काम ते, बोट फिरवून पाहिलं तरी कळायचं नाही. पण तो गोळा वाळून दगडासारखा झाला. तेव्हापासून मला कसंही फिरवा, जड बाजू खाली जाते. हिरवा देश खाली दडतो आणि बरोबर त्याच्या उलट बाजूचा पिवळा देश वर येतो. लेकीनं मात्र धसक्यानं मला पुन्हा कधी फिरवलं नाही, त्यामुळे तिला हे कळलंच नाही.

त्या हिरव्या देशात आईची थोरली बहीण राहत होती. लहानपणी आईविना पोरक्या झालेल्या धाकटीला तिनंच वाढवलं होतं, वेणी घालण्यापासून शिवण शिकवण्यापर्यंत. पुढे ती नर्स म्हणून त्या लांबच्या थंड देशात गेली आणि तिथलीच झाली. तीस वर्षांत दोघींची भेट नाही. दर रविवारी सकाळी फोन यायचा. आई बोलत असताना तिचं बोट नकळत माझ्या हिरव्या देशावर टेकलेलं असे, म्हणून हे सगळं मला ठाऊक. शेवटच्या दोन वर्षांत मावशीचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाला मनाई केली होती. प्रत्येक फोनच्या शेवटी ती म्हणायची, "एकदा ये गं, मला काही तुझ्याकडे येता येणार नाही."

पुढे लेक मोठी झाली, नोकरीला लागली आणि सगळं जग तिच्या मोबाइलमध्ये मावलं. मी फळीवर धूळ खात पडलो असतो, पण आई रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी मला पुसायची. एका हातानं मला धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं हिरवा देश पुसायची.

मग मंदीचे दिवस आले. वडिलांचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालू लागला, आणि नंतर दोन महिन्यांची सक्तीची सुट्टी जाहीर झाली. शाळांनी गणवेशांची कामं निम्म्यावर आणली. अशा वेळी कुणी सहलीचं नाव काढेल का? पण मंदीतही कुणाचं तरी घोडं अडलेलं असतंच. विमान कंपन्यांना प्रवासी मिळेनात, म्हणून त्यांनी लांबच्या प्रवासाची तिकिटं कधी नव्हती एवढी उतरवली. आयुष्यात एकदा तरी विमानानं लांब कुठेतरी जायचं म्हणून या तिघांनी कितीतरी वर्षं थोडं थोडं बाजूला टाकलेलं होतं. वडील म्हणाले, आता सुट्टी आहे आणि तिकीट आवाक्यात आहे, आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरू, पण एकदा पसरू तरी.

लेकीनं आठ दिवस खपून कागद काढले आणि सहल कंपनीच्या बाईंना दहा वेळा भंडावून सोडलं. शेवटी दोनच नावं उरली. पिवळ्या देशाचं चलन गडगडलं होतं, तिथे वीस दिवस समुद्रकाठी आरामात राहता येत होतं. हिरव्या देशाचं तिकीट तेवढंच होतं, पण तिथे राहणं महाग. मावशी स्वतः एका खोलीत राहायची, म्हणजे हॉटेल आलं, आणि आठ दिवसांत परतावं लागणार होतं.

वडिलांनी कागदावरून नजर न काढता आईला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही दोघं म्हणाल तसं," आई म्हणाली. ती नेहमी हेच म्हणायची. भाजी कुठली आणायची इथपासून घर कुठे घ्यायचं इथपर्यंत.

लेक पिवळ्याकडे झुकलेली होती. वडिलांच्या मनात कुठेतरी मेहुणीचा विचार होता, पण इतक्या लांब जाऊन आठ दिवसांत परत यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सहल कंपनीच्या बाईंनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. तेव्हा लेकीला माझी आठवण झाली. गोल फिरवू या, जो देश वर येईल तिथे जाऊ, म्हणजे कुणाचा रुसवा नको. वडिलांनाही ते बरं वाटलं, निर्णयाचं ओझं परस्पर उतरत होतं. लेक हात पुढे करणार तेवढ्यात आई मशीनवरून उठली.

"मी फिरवते," ती म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की मला विचारू नका, माझं माप खोटं आहे. पण मूग गिळून बसणं हाच आमच्या जातीचा धर्म. तिनं मला हलकेच फिरवलं. मी जमेल तेवढा वेळ फिरत राहिलो आणि अखेर पिवळा देश वर घेऊन थांबलो. लेक म्हणाली, तीनदा करू म्हणजे पक्कं. आईनं आणखी दोनदा फिरवलं, आणि दोन्ही वेळा मी तेच केलं.

आईनं थोडा वेळ दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "ठरलं तर मग." आणि ती मशीनवर जाऊन बसली.

ते पिवळ्या देशाला जाऊन आले. वीस दिवस खरंच चांगले गेले म्हणे. फोटोत आई पाण्यात उभी राहून हसते आहे. एकदा तिनं वडिलांना विचारलं होतं, ताईचा देश इथून कुठल्या बाजूला येतो, आणि वडिलांनी समुद्राकडे हात करून अंदाजानं काहीतरी दाखवलं होतं.

सात महिन्यांनी फोन आला, आणि तो रविवार नव्हता. पलीकडून मावशीची शेजारीण बोलत होती. आईनं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि फळीचा आधार घेऊन उभी राहिली. त्यानंतर आठवडाभर मशीन बंद होतं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

त्या आठवड्यात एका दुपारी, काय करावं सुचेना म्हणून वडिलांनी फडकं हातात घेतलं आणि मला पुसायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. हिरवा देश वर आणला, तर हात सुटताच मी खाली फिरलो. पुन्हा आणला, मी पुन्हा फिरलो. तिसऱ्या वेळी त्यांना आपलाच भुशाचा गोळा आठवला. फडकं हातात तसंच घेऊन ते पलंगाशी गेले.

"अगं, त्या दिवशीचा कौल खोटा होता," ते म्हणाले. "गोळा मी भरला होता. तो गोल दुसरीकडे थांबूच शकत नाही."

आई वळली नाही. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रोज पुसते मी त्याला. तो कुठे थांबतो ते मला ठाऊक नसेल का?"

"मग फिरवलास कशाला?"

"वाटलं, तो थांबल्यावर तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, जाऊ दे तो गोल, आपण तुझ्या ताईकडे जाऊ. म्हणून तीनदा फिरवला."

वडील तिथेच खाली फरशीवर बसले.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. कारखाना पुन्हा सुरू झाला, मशीनही चालू आहे. वडील हल्ली साधं पडद्याचं कापड घ्यायचं झालं तरी हातातलं काम ठेवून आईला विचारतात, तुला काय हवं? ती सवयीनं म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. ते तिथून हलत नाहीत. तिच्यासमोर उभे राहतात, कधी कधी बराच वेळ, ती खरं सांगेपर्यंत. आणि तिचं खरं बहुतेक वेळा इतकं लहानसं असतं की ऐकून मलाच लाज वाटते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली काळजी घ्या म्हणून तुमच्यापुढे हात जोडतात. मी तसं काही मागणार नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, माझे रंग उडाले तरी चालेल. पण तुमच्या घरात 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारं कुणी असेल, तर त्या माणसाचा कौल माझ्यासारख्याकडून घेऊ नका. त्याच्यापाशी जाऊन बसा, विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. विमानाची तिकिटं पुन्हा कधीतरी स्वस्त होतील, पण तोवर पलीकडे वाट पाहणारं माणूस असेलच असं नाही.