काळा काठ

"पाणी स्वच्छच असेल हो हिंमतराव, पण हा टँकर बघूनच तहान मरते, त्याचं काय करायचं?"

सेक्रेटरी श्यामसुंदर दातारांनी छत्रीचं टोक केबिनच्या दाराला लावलं. खालच्या पत्र्याचा गंजका पापुद्रा सुटून सोसायटीच्या नव्या फरशीवर पडला. कोणी पान खाऊन थुंकलं असावं तसं दातारांनी त्याच्याकडे पाहिलं.

"टाकी आतनं बघा की साहेब. वर चला, झाकण उघडून दावतो."

"ह्या वयात मी टाकीवर चढू? शनिवारी कमिटी टँकर बघायला खाली येणार आहे. तो हिंजवडीचा अभिनवही त्याचा नवा टँकर घेऊन येतोय. आपण जुने, म्हणून आधी कानावर घातलं."

अभिनवच्या वडिलांची जमीन कॉम्प्युटर कंपन्यांच्या वाटेत आली आणि त्यातून हा निळा, चकचकीत टँकर निघाला. तो कुठल्या विहिरीवर भरतो हे कोणी विचारत नव्हतं. कोथरूडच्या ह्या इमारतीतली निम्मी मुलं अमेरिकेत, उरलेली जायच्या तयारीत. घरोघरी गुळगुळीत नळ, आणि नळात पाणी हिंमतरावांचं. रोजच्या खेपा इथल्याच. बाकी गिऱ्हाइकं लग्नाची नाहीतर बांधकामाची, आज आहेत, उद्या नाहीत. ही सोसायटी सुटली की टँकर उभा, आणि टँकर उभा राहिला की घर बसलं.

हिंमतरावांच्या जमेला प्रामाणिकपणा होता, मेहनत होती. नावे एकच रक्कम होती, पण मोठी: उतावळेपणा. देवळातसुद्धा ते रांगेतल्या पुढच्याला "चला की" म्हणत, आणि देवापुढे पोचले की परत फिरायची घाई.

त्याच दुपारी त्यांनी खडकी गाठली. फॅक्टरीच्या क्वार्टर्समागे गाड्यांच्या पत्र्याचं काम करणाऱ्या धम्मदीपची शेड होती. त्याने वाकून पत्र्यात पेचकस टोचून पाहिला.

"काका, गंज खरवडायचा, प्रायमर मारायचा, मग हे काळं कोटिंग. रबरासारखं बसतं. खडी उडाली तरी टवका निघत नाही. दोन दिवस गाडी सोडा."

"दोन दिवस? तेवढ्यात पोरं अमेरिकेला जाऊन येत्यात."

"येतात. पण वाळून येत नाहीत."

गाडी सोडली, पण हिंमतराव काही गेले नाहीत. स्टुलावर बसत, उठत, घासलेला पत्रा बोटाने चाचपत. "काका, गाडीपेक्षा तुम्हालाच आधी ब्रेक बसवू," धम्मदीप म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराचा खालचा भाग, पायरी, मडगार्ड सगळं जाड काळं झालं. "संध्याकाळपर्यंत हात लावू नका," असं सांगून तो घरी जेवायला गेला.

हिंमतरावांना हात लावू नका म्हणणं म्हणजे त्यांना काम नेमून देणं. त्यांनी टँकरला प्रदक्षिणा घातल्या. दाराच्या खालच्या कडेला खराट्याच्या काड्या खुपसलेल्या दिसल्या. एवढं झकास काम, आणि पोरगं काड्या काढायला विसरलं! त्यांनी त्या उपसल्या, उरलेली भोकं मऊ कोटिंग बोटाने ओढून बेमालूम बुजवली, आणि धम्मदीपचं जेवण व्हायच्या आत खडकी बाजार ओलांडला.

घरी बायकोने, मुक्ताईंनी, दारातून पाहिलं. "पातळासारखा काठ लावलाय की! चला, टँकरला तरी नवं मिळालं."

हिंमतराव रोज सकाळी त्या काठापायी अख्खी केबिन धुऊ लागले. दोनेक दिवसांनी वळणावर आवाज यायला लागला: डुचूक. त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह आवळला, सीटखालची बाटली फेकली. पुन्हा डुचूक. बाकीचे ड्रायव्हर हसले, "पाण्याच्या टँकरला पाण्याचा आवाज येतोय, काय सांगता!" जेवता जेवता ते ताटावरून उठून टँकर हलवून यायचे.

शनिवारी सकाळी ते पुन्हा शेडमध्ये हजर. धम्मदीपने दार पुढेमागे हलवून कान लावला.

"काका, काड्या कुठंयत?"

"काढल्या की. भोकं बी बुजवली. तू इसरला होतास."

धम्मदीप स्टुलावर बसला. "ती भोकं गाडी बनवतानाच ठेवलेली असतात. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. कोटिंगनं बुजू नयेत म्हणून काड्या होत्या. तुम्ही दाराची बादली केलीत."

"मग टोच आत्ता."

"टोचतो, पण गंजाचं पाणी येणार, किनारीला टवका जाणार. कमिटी आत्ता आहे ना? दुपारी या, नीट करून देतो. पत्रा काय तासा-दोन तासात खात नाही."

हे हिंमतरावांना पटलं. कोथरूडपर्यंत प्रत्येक वळणावर दाराने ते पटू दिलं नाही.

कमिटी खाली उभी होती. अभिनवचा निळा टँकर फाटकाबाहेर. दातारांनी छत्रीच्या टोकाने काळी किनार ठोकून पाहिली. "वा! आमच्या लिफ्टपेक्षा बरा दिसतोय." सगळे हसले. "माझ्या मते हिंमतरावच राहू देत. काय हो, आता काही वर्षं काळजी नको ना? आतूनही असाच ना?"

हिंमतराव हो म्हणायला दाराला टेकले. डुचूक.

"एक मिनिट, साहेब."

त्यांनी सीटखालून पेचकस काढला, गुडघ्यावर बसले आणि किनारीत खुपसला. एकदा, मग पुन्हा. तांबडं, गाळाचं पाणी भळभळा फरशीवर आलं आणि दातारांच्या चपलेपर्यंत पोचलं.

"हे आम्ही पीत होतो?"

"न्हाई साहेब. हे दारातलं. टाकीतलं येगळं हाय."

"असेल. गाडी एकच आहे." दातार मागे सरकले. "आजची खेप टाका. उद्यापासून आपण त्रास घेऊ नका."

कमिटी जिना चढून गेली. अभिनव जवळ आला, हळूच म्हणाला, "काका, संध्याकाळी टोचायचं ना."

"संध्याकाळपर्यंत पत्रा भिजत राहिला असता," हिंमतराव म्हणाले.

त्यांनी पाइप हौदात सोडला आणि टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होऊ दिली, फक्त एक बादली बाजूला काढून. पाइप गुंडाळल्यावर त्या बादलीने फरशी धुतली. तांबडा ओघळ गटाराच्या जाळीत गेला. मग एका हाताने दार लावून घेतलं; आता पत्र्याचा कोरडा आवाज आला.

ते फाटकाबाहेर पडले आणि निळा टँकर आत वळला. आरशात त्यांना मागची ओली फरशी दिसत होती आणि तिच्यावरून थेट हौदापर्यंत उमटत गेलेले निळ्या टँकरच्या चाकांचे चिखलाचे दोन पट्टे.