नासत नाही असा वाटा

मी ईटीएफचा एक वाटा बोलतोय. कागदावर मला युनिट म्हणतात. मला हातात घेता येत नाही, पिशवीत घालता येत नाही, आणि तरी मी आहे. राहतो डीमॅट खात्यात. रत्नागिरीत यासीन नावाच्या पोरानं आपला संगणक उघडला की दिसतो.

जन्म माझा मुंबईचा, २००२ सालचा. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा चिमूटचिमूट हिस्सा एकत्र करून मला घडवलं. बँक, सिमेंट, औषधं, स्कूटर, सगळे माझ्या पोटात. बाजारात शेअरसारखाच विकला जातो. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. माणसं माझा भाव विचारतात, पोटात काय आहे ते फार थोडी विचारतात. याचं मला अजून नवल वाटतं.

बकुळेनं मात्र विचारलं.

ही बकुळा मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन घरोघर विकायची. १९९८ साली सागाची झाडं लावणाऱ्या कुठल्याशा कंपनीत तिनं पैसे घातले. वर्षानं झाडं बघायला गेली, तर नुसता उघडा कातळ! त्यात गुडघे दुखायला लागलेले. पाटी उतरवून बाजारात एक ओटा घ्यायचा, बसून धंदा करायचा, एवढंच तिच्या मनात.

यासीन म्हणजे शेजारच्या फरीदाचा मुलगा. शेअर दलालाच्या कचेरीत कामाला. २००३ मध्ये एक दिवस त्यानं तिला विचारलं.

"बकुळामावशी, ओटा कधी घ्यायचाय?"

"तीनचार वर्सांनी."

"मग यात थोडं थोडं टाक."

"दाखव बघू."

"दिसत नाय ते."

"मेल्या, सागपण नव्हता दिसत!"

यासीन हसला. मग त्यानं माझ्या पोटातली नावं वाचून दाखवली. तिनं विचारलं, "यातला एक वाईट निघाला तर?"

"काढून दुसरा घालतात. नियम ठरलेला हाय."

"गिऱ्हाइकानं निवडायचा नाय?"

"नाय."

"हां. मग बरं. निवडणारी गिऱ्हाइकं लय डोकं खातात."

असा मी तिचा झालो. दर महिन्याला माझी एखाददुसरी भावंडं येत गेली.

मग २००४ चा मे महिना. एका सोमवारी बाजार असा कोसळला, की व्यवहारच थांबवावे लागले. बकुळा रिकामी पाटी घेऊन धापा टाकत कचेरीत शिरली.

"यासीन, इक सगळं. येईल त्या भावात इक."

मला कळेना, एवढी घाई कसली? मग उमगलं. आयुष्यभर मासळी विकलेली बाई ती. दुपारी भाव उतरला, की मिळेल त्या पैशात पाटी रिकामी करायची. संध्याकाळपर्यंत ठेवली तर मासळी कुणी फुकटही घेत नाही. मीही तसाच, असं तिनं धरलेलं.

"आता इकता यायचं नाय, मावशी. बाजार बंद हाय. बस जरा."

बसावंच लागलं. पदरानं वारा घेत ती म्हणाली, "खरं सांग. उद्यापर्यंत हे नासतंय?"

"नासत नाय. पण उद्या आणखी उतरेल की चढेल, ते मला नाय म्हाईत. तो सागवाला सांगायचा तसं मी सांगणार नाय."

"तो सिमेंटवाला उद्यापासून सिमेंट करणार नाय?"

"करेल की."

"स्कूटरवाला?"

"तोपण."

बकुळेनं पदराचा वारा घेणं थांबवलं. माझा जीव मुठीत. म्हणजे मला मूठ असती तर!

"म्हणजे हे सुकं म्हावरं," ती शेवटी म्हणाली. "वैशाखात स्वस्त झालं म्हणून सुकट कोण रस्त्यात ओतत नाय. पावसाळ्यात त्याचाच भाव येतो."

"सुकटपण भिजली की कुजते, मावशी."

"ठाऊक हाय रे! म्हणून तर पावसाळ्याचा घरखर्च डब्यात ठेवलाय, तुझ्या मशीनीत नाय."

थोड्या वेळानं बाजार उघडला. यासीननं तिच्याकडे बघितलं. तिनं पाटी उचलली आणि, "फरीदाला सांग, उद्या बांगडे आणते," म्हणून निघून गेली.

२००७ मध्ये माझी बहुतेक भावंडं चांगल्या भावात विकली गेली आणि बकुळेला ओटा मिळाला. मी मागं राहिलो. का ठेवलं, ते तिनं सांगितलं नाही.

आज २००८ ची दिवाळी झालीय. बाजार पुन्हा आपटलाय, तेव्हापेक्षा वाईट. बकुळेची मुलगी योगिनी आता नोकरीला लागलीय, तिनंही माझ्यासारखेच काही वाटे घेतलेत. काल यासीनच्या टेबलापाशी दोघी बसल्या होत्या.

"आये, इकू का गो?"

"उद्या पैसे लागतायत?"

"नाय."

"मग कशाला घाबरतेस?"

"आणि लागत असते तर?"

"तर यात घालायचेच नव्हते, बये."

मला घेणार असाल, तर माझा भाव विचारण्याआधी बकुळेनं लेकीला विचारलं तेवढं स्वतःला विचारा. उद्या मी वर असेन की खाली, मलाही ठाऊक नाही. बघायची उत्सुकता मात्र आहे. यासीन संगणक बंद करतोय. बरंय, या आता.