भरलेली मोठी प्लेट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी प्लेट आहे. कडेला टवका उडालाय तो दिसतोच आहे, तेव्हा त्याची चौकशी नको. एके काळी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! आणि थोडी घमेंडही होती, तेही सांगून टाकते.

भट्टीतून निघाले ती थेट एका महागड्या हॉटेलात आले. तिथे मऊ गालिचे, मंद दिवे आणि कुजबुजत बोलणारी माणसं. आचारी माझ्या मधोमध माशाचा एक तुकडा ठेवायचा, बाजूला चार वाटाणे आणि वर रसाची बारीक रेघ. बाकी सगळी मी मोकळीच. लोक "वा!" म्हणायचे, फोटो काढायचे आणि बिल आलं की एकदम गप्प व्हायचे. ती नुसती लूट होती असं मात्र मी म्हणणार नाही हं. तो रस आटवायला आचारी सकाळपासून शेगडीपुढे उभा असायचा. डोळे मिटून, मन लावून जेवणारी माणसंही मी पाहिलीत. पण निम्मे पैसे गालिच्याचे आणि माझ्या मोकळ्या जागेचे होते, हेही तितकंच खरं.

पुढे टवका उडाला आणि मला टाकून द्यायला काढलं. त्याच सुमारास आचाऱ्याचं मालकाशी वाजलं. नोकरी सोडून निघताना त्याने आम्हा टवकेवाल्या प्लेटा मागून घेतल्या आणि बायकोच्या खानावळीत आणल्या. लांबट बाकं, मोठमोठी पातेली आणि गिऱ्हाईकं म्हणजे ट्रकवाले, हमाल, कपड्यांच्या कारखान्यातल्या बायका. सगळे तिला वहिनी म्हणत. आता दोघांचं पोट याच खानावळीवर होतं.

"बघच तू, कसं नाव काढतो तुझ्या खानावळीचं!" असं म्हणून आचाऱ्याने आमच्यावर तेच वाढलं. तोच तुकडा, तेच वाटाणे, तीच रेघ.

एका हमालाने दोन घासांत प्लेट चाटूनपुसून साफ केली. "वहिनी, चव बघितली. झकास आहे. आता जेवण आणा!"

सगळी खानावळ हसली. आचाऱ्याचा चेहरा पडला. "अरे, याच्यासाठी तिकडे लोक ताटकळत बसतात!"

"बसत असतील. त्यांना जेवून पोती उचलायची नसतात ना!"

बघता बघता अर्धी बाकं रिकामी झाली. वहिनी धास्तावली. "अहो, तुमच्या हाताला चव आहे, कोण नाही म्हणतंय? पण पोटभर वाढा की! नाहीतर कुलूपच लावावं लागेल इथे." तिने आम्हाला उचलून माळ्यावर ठेवलं आणि स्टीलची ताटं पुन्हा बाहेर काढली. बाकं भरली, पण आचारी मात्र मुका झाला. आपलं सगळं शिकणं पाण्यात गेलं, असं त्याने मनाला लावून घेतलं. यांत्रिकपणे भात उपसायचा, डाव आपटायचा, बस. वहिनीला ते बघवत नव्हतं. मलाही वाईट वाटायचं हो.

मग एका दुपारी नेहमीचे ट्रकवाले काका घुटमळत उभे राहिले. "वहिनी, उद्या आमच्या हिला आणू का? जन्मभर सगळ्यांना वाढून उरलंसुरलं जेवली बिचारी. मोठ्या हॉटेलात न्यायची ऐपत नाही. आणि नेलं तरी किंमत बघून पाणी पिऊन उठेल."

आचारी आतून ऐकत होता. त्याने स्टूल ओढलं आणि मला माळ्यावरून खाली काढलं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेपासून खपला. तोच आटवलेला रस, पण या खेपेला मासा चांगला मोठा, शेजारी लोण्यात परतलेले बटाटे, गाजरं आणि भाताची मूद. सगळं कसं नीटनेटकं मांडलेलं! माझ्यावर मोकळी जागा नावाला उरली नाही.

काकू पदर सावरून अवघडून बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी काकांकडे सरकवलं. "आधी तुम्ही घ्या."

काकांनी परत सरकवलं. काकूंनी पुन्हा ढकललं. "केवढ्याला पडलं हो हे?"

"रोजचाच भाव आहे, काकू," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात आचारी स्वतः हात पुसत बाहेर आला. कितीतरी दिवसांनी तो बोलला. "काकू, त्यांचं ताट येतंय. हे मी तुमच्यासाठी केलंय. तुमच्या एकटीसाठी."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या जेवत होत्या. गरम असताना, शेवटच्या घासापर्यंत. आचारी जागचा हलला नाही.

"आणखी वाढू?" त्याने विचारलं.

"वाढा," काकू म्हणाल्या. असं त्या जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या असतील.

मित्रांनो, महाग चांगलं की स्वस्त, हा वाद मोठ्यांना खुशाल घालू द्या. तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, ते तेवढं आज बघा. तिला आधी बसवा, गरम गरम वाढा, आणि वाढताना हात आखडू नका.