शुक्रवारचा चमचा

आमच्या वृद्धाश्रमात शुक्रवारी दुपारचा चहा झाला की आश्रम चालवणाऱ्या ताई बाटली घेऊन येतात. जेवणघरातल्या लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसलेलो असतो. "आजी, आ करा." आजोबा असले तर, "आजोबा, आ करा." जुलाबाच्या औषधाचा चमचा तोंडात रिकामा झाला की ताई पुढच्या खुर्चीकडे. पोट साफ झालंय की नाही, औषध हवंय की नको, विचारायची पद्धतच नाही. शनिवारी सगळी इमारत संडासाच्या दारात रांग लावून उभी. त्या दिवसाला आम्ही धुलाई म्हणतो. आणि रविवारी भेटायला येणारे नातेवाईक म्हणतात, किती शांत असतात हो इथली माणसं! शांत कसली डोंबलाची? अंगात त्राण नसतं, म्हणून गप्प बसतात.

बद्धकोष्ठ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला येऊ नये. मी बसमध्ये कंडक्टर होते. भरली बस थांबवून कंडक्टरबाई संडासला गेल्या, असं कधी पाहिलंय का कुणी? पाणी प्यायचं नाही, आलेली कळ दाबून धरायची आणि घंटी मारायची. नोकरी संपली आणि मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. त्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. पाणी भरपूर प्या, चाला, फळं-भाज्या खा, आलेली वेळ टाळू नका. मल मऊ करणारं औषध वेगळं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. आतड्याला ढकलणारं वेगळं, ते रात्री घेतलं तर सकाळी काम करतं. तासाभरात काही झालं नाही म्हणून वरून आणखी घ्यायचं नाही. कधीमधी घ्या, पण रोजची सवय लावून घेऊ नका. आणि पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, असं असेल तर जुलाबाच्या औषधाला हातही लावू नका, सरळ दवाखाना गाठा. "बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका," म्हणाले होते.

तेव्हा ताईंचा चमचा मी काही गिळत नव्हते. गालात धरायचा, "छान आहे हो" म्हणायचं आणि बेसिनवर जाऊन थुंकायचा. कशाला उगाच तोंड वाजवा? बसमध्ये मी जन्मभर भांडलेय, म्हातारपणी जरा सुट्टी.

पण माझ्या खोलीत होती गणितबाई. शाळेत गणित शिकवायची, म्हणून हे नाव. बाईमाणूस इतकं गरीब की खिडकी उघडायची असली तरी मला विचारणार, "उघडू का हो? तुम्हाला चालेल ना?" उभ्या जन्मात ती कुणाला नाही म्हणाली नसेल. तिची पाठ धरली म्हणून कुठल्याशा डॉक्टरांनी दुखण्यावर जोरदार गोळ्या दिल्या, आणि तेव्हापासून तिचं पोट साफ होईना. आधी जेवण कमी झालं. मग ताट नुसतं चिवडून बाजूला. त्या शुक्रवारी सकाळी तिने चहा घेतला तो जसाच्या तसा बाहेर. पोटाला हात लावू देईना. मी तरी लावला, तर ताणून बसवलेल्या ढोलकीसारखं कडक.

मी ताईंकडे गेले. "डॉक्टर बोलवा."

"अहो आजी, पोट साफ झालेलं नाही म्हणून होतंय ते. आज त्यांना दोन चमचे देते, बघा कसं मोकळं होतं."

"ताई, ती ओकतेय."

"तेच तर सांगतेय ना मी."

ताई काही दुष्ट नाहीत. घरभर म्हातारी माणसं आणि हाताखाली दोन मदतनीस, त्यातली एक कायम रजेवर. सगळ्यांचं एकाच दिवशी उरकलं की त्यांचा आठवडा सुटसुटीत जातो. मला ते कळतं. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

दुपारी बाटली आली. ताई एकेक खुर्ची करत आमच्यापाशी पोचल्या. "आ करा." आणि गणितबाईने, घामाने भिजलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या त्या बाईने, शहाण्या मुलीसारखं तोंड उघडलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

चमचा माझ्या मनगटावर सांडला. ताई म्हणाल्या, "कंडक्टर आजी, हात काढा."

"नाही काढत."

"हा काय पोरकटपणा?"

"असेल पोरकटपणा. हिच्या पोटात हा चमचा जाणार नाही. आधी डॉक्टर." बसच्या मागच्या दारापर्यंत पोचायचा तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी काढला होता. समोरच्या आजोबांची कवळी कपात पडली.

"मी तुमच्या मुलाला फोन करीन," ताई म्हणाल्या. "आजच. आईचं सामान घेऊन जा म्हणून सांगीन. इथे राहायचं तर इथल्या पद्धतीने."

मुलाचं घर दोन खोल्यांचं. नातवंडं भिंतीला डोकं लावून झोपतात. सून चांगली आहे, कधी वाकडा शब्द बोलली नाही, पण जागा नाही हे कुणी न बोलताही कळतं. म्हणून तर मी स्वतःच्या पायांनी इथे आले होते. इथून निघाले तर जायचं कुठे? आणि मला तरी कुठे खात्री होती? एका डॉक्टरने कधीतरी सांगितलेलं डोक्यात होतं, तेवढंच. माझं चुकत असेल तर? तळहाताखाली गणितबाईचे ओठ हलत होते. "घेते मी," असं ती म्हणत होती. "भांडू नका."

"तू गप्प बस," मी तिला म्हणाले. "करा फोन, ताई."

एका हाताने तिचं तोंड झाकून दुसऱ्या हाताने मी माझा मोबाईल काढला आणि अँब्युलन्सला फोन लावला. टेबलाच्या पलीकडे ताईंनी माझ्या मुलाला लावला. दोघी एकमेकींच्या आवाजावर ओरडत होतो. मी पत्ता सांगत होते आणि ताई माझे गुण.

अँब्युलन्समध्ये मी घरातल्या स्लिपरांवरच चढले. ताईही आल्या. जबाबदारी त्यांची होती, नाही कशा येणार?

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटाचा फोटो काढला आणि बाहेर येऊन विचारलं, "जुलाबाचं काही दिलंय का आज?"

ताई खाली बघायला लागल्या. "नाही," मी म्हणाले. "देऊ दिलं नाही."

"बरं केलंत. आतड्याला पीळ पडलाय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. त्यात वरून जोर लावला असता तर आतडं फुटलं असतं." पाठीच्या गोळ्यांबद्दलही त्या बोलल्या. तसल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच, सुरू करतानाच त्याची काळजी घ्यायला हवी होती, म्हणाल्या.

बाकावर ताई माझ्या शेजारी बसल्या. ॲप्रनच्या खिशातून बाटलीचं बूच डोकावत होतं. म्हणाल्या, "तुमचा मुलगा रविवारी येतोय."

"येऊ दे की."

रविवारी तो रिकामी बॅग घेऊन आला. "आई, अगं एका चमच्यावरून?"

"हो. एका चमच्यावरून."

"माफी मागून टाक ना."

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले. "फक्त ताईंना म्हणावं, कंडक्टर आजीला का काढलं ते कागदावर लिहून दारावर लावा. येणारे-जाणारे वाचू देत. मग लगेच निघते."

ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बॅगेकडे पाहिलं. "राहू दे ते," म्हणाल्या आणि निघून गेल्या. लेक रिकामी बॅग घेऊन परत गेला.

म्हणजे मी जिंकले, असं वाटलं ना? छे! पुढच्या शुक्रवारी बाटली पुन्हा आली. फक्त माझ्या खुर्चीपाशी ताई थांबल्या नाहीत, खुर्ची रिकामी असल्यासारख्या पुढे गेल्या. आणि बाकीचे सगळे आ करून बसलेले. मला वगळलं म्हणून माझा राग निवणार होता की काय? उलट आणखी चढला.

मग गणितबाई परत आली. अर्धी झाली होती, काठी धरून चालत होती. पहिल्याच शुक्रवारी ताईंनी टेबलाच्या त्या टोकापासून सुरुवात केली. "आजोबा, आ करा."

"थांबा."

मला वाटलं मीच बोलले. पण बोलली होती गणितबाई. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. शेवटच्या बाकावरचा पोरगा दचकून सरळ बसेल, असा आवाज.

"आधी विचारा त्यांना," ती म्हणाली.

"काय विचारू?" ताईंचा चमचा हवेतच राहिला.

"आज झालं का, ते."

ताईंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता आम्हा दोघींच्या बॅगा भरतात. पण त्या खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, आज झालं का?"

"सकाळीच झालं की!" आजोबा ओरडले. "रोज होतं माझं! पण विचारतंय कोण इथे?"

सगळं टेबल हसायला लागलं. ताई पुढे सरकल्या. झालं का? झालं. झालं का? झालं, नको. एकीला पोटात दुखत होतं, तिचं नाव त्यांनी डॉक्टरांना दाखवायला लिहून घेतलं. चमचा कोरडाच राहिला. गणितबाई म्हणाली, "माझं औषध डॉक्टरांनी दिलंय. हे नको." नको! तिच्या तोंडून! मला तर तिचा मुका घ्यावासा वाटला.

मग ताई माझ्यापाशी आल्या आणि या वेळी थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आता कंडक्टर काय तोफ डागते म्हणून.

"आजी, झालं का?"

आता खोटं कशाला बोलू? हॉस्पिटलच्या खेपा घालताना पाण्याची आठवण कुणाला होती? आलेली वेळही टाळली होती, जुनी सवय. मऊ पडावं म्हणून फळं खाऊन पाहिली, पाणी पिऊन पाहिलं, काही उपयोग नाही.

"नाही झालं," मी म्हणाले. "दुखत नाही, उलटी नाही, पोट फुगलेलं नाही. नुसतं अडलंय. मला द्या."

सगळं टेबल असं खदखदून हसलं की आजोबांची कवळी पुन्हा कपात. ताईसुद्धा हसल्या. त्यांनी चमचा भरला आणि सवयीने माझ्या तोंडाजवळ आणला. "आ करा."

मी तोंड मिटलं आणि हात पुढे केला. "बाटली आणि चमचा, दोन्ही इकडे द्या."

त्यांनी दिलं. बाटलीवर लिहिलेलं माप मी चष्मा लावून वाचलं, चमच्यातलं जास्तीचं बशीत ओतलं, उरलेलं माझ्या हाताने प्यायले आणि वर पेलाभर पाणी घेतलं. मग रिकामा चमचा ताईंच्या हातात परत दिला.